एका जनावराच्या भरवशावर

२००७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतील सेंट लुइस शहरात, मुलांच्या एका रुग्णालयात, डायलिसिस सुरू होताच काही मुलांना विचित्र त्रास होऊ लागला. डोळ्यांभोवती सूज येई, हृदयाचे ठोके वाढत आणि रक्तदाब एकाएकी उतरे. पहिला संशय उपकरणांवर गेला आणि नळ्या, गाळण्या, सगळे तपासून झाले. जानेवारीत तोच प्रकार पुन्हा घडला, तेव्हा रुग्णालयाने अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्राला कळवले. केंद्राने चौकशी सुरू केली तर इतर राज्यांतल्या डायलिसिस केंद्रांतूनही अशाच तक्रारी पुढे आल्या. या सगळ्या रुग्णांत एकच गोष्ट समान होती. यंत्रातून फिरताना रक्त गोठू नये म्हणून प्रत्येकाला हेपॅरिन दिले गेले होते, आणि त्यातले बहुतेक हेपॅरिन बॅक्स्टर या एकाच कंपनीच्या कुप्यांतले होते. पुढच्या काही महिन्यांत जे उघड झाले ते औषधांच्या इतिहासातील भेसळीचे एक भीषण प्रकरण म्हणून नोंदले गेले. पण या प्रकरणाला भेसळ म्हणून बाजूला ठेवले, तर त्यातली महत्त्वाची शिकवण हातची जाते. हेपॅरिन हे डुकराच्या आतड्यातून काढलेले औषध आहे. जगातल्या लाखो रुग्णांचे प्राण एका जनावराच्या एका अवयवावर आणि मुख्यतः एका देशातल्या कत्तलखान्यांवर अवलंबून ठेवले गेले होते, म्हणूनच ही भेसळ शक्य झाली आणि तिचा घाव इतका खोल गेला. प्राणिज औषधांना पर्याय शोधणे ही काही थोड्या लोकांच्या आहारनिष्ठेची किंवा सोवळेपणाची बाब आहे, असे आपण समजतो. हेपॅरिनचा इतिहास सांगतो की तो सगळ्याच रुग्णांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

या औषधाचा जन्म १९१६ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात झाला. जे मॅक्लिन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी शरीरशास्त्रज्ञ विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. रक्त गोठवणाऱ्या पदार्थाच्या शोधात असताना त्याला कुत्र्याच्या यकृतातून नेमका उलटा गुण असलेला अर्क मिळाला, म्हणजे रक्त गोठू न देणारा. हॉवेल यांनी ते काम पुढे नेले आणि १९१८ मध्ये या पदार्थाला हेपॅरिन हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत यकृताला जो शब्द आहे, त्यावरून ते आले. त्या काळात या पदार्थाची ताकद मोजण्याचे मापसुद्धा प्राणिजच होते. मांजराचे एक मिलिलिटर रक्त शून्य अंश तापमानात चोवीस तास पातळ ठेवण्यासाठी जेवढे हेपॅरिन लागेल, ते एक एकक. औषधाचे वजन किती यापेक्षा ते सजीवाच्या रक्तात काय करते यावरून त्याची मात्रा ठरवण्याची ही पद्धत सोयीची होती, कारण हेपॅरिन नेमके कशाचे बनले आहे हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. पुढे नव्वद वर्षांनी याच पद्धतीच्या आडोशाने भेसळ लपून राहिली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सुरुवातीचे हेपॅरिन इतके अशुद्ध आणि महाग होते की माणसाला टोचणे धोक्याचे होते. ते उपयोगी औषध बनले टोरंटोमध्ये. इन्सुलिनच्या शोधात सहभागी असलेले चार्ल्स बेस्ट यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस हेपॅरिनकडे लक्ष वळवले आणि कॉनॉट प्रयोगशाळेतील आर्थर चार्ल्स व डेव्हिड स्कॉट या रसायनतज्ज्ञांनी त्याच्या शुद्धीकरणाची वाट शोधली. त्यांनी गुरांच्या यकृतापासून सुरुवात केली. पण यकृताला इतर गिऱ्हाईक होते आणि ते महाग पडू लागले, म्हणून ते गुरांच्या फुप्फुसांकडे वळले. फुप्फुसे कुजवून त्यातून द्रव्य काढायचे असल्याने दुर्गंधी इतकी सुटे की हे काम शहराबाहेरच्या शेतावर हलवावे लागले. १९३७ च्या एप्रिलमध्ये टोरंटोत हे शुद्ध हेपॅरिन रुग्णाला देण्यात आले आणि गॉर्डन मरे यांनी त्याच्या आधाराने रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रिया केल्या. त्याच सुमारास स्टॉकहोममध्ये एरिक योर्पेस यांनी हेपॅरिनच्या रचनेचा उलगडा करायला घेतला. हेपॅरिन हाताशी आल्यावर वैद्यकाचे एक नवे दालनच उघडले. विलेम कोल्फ यांचे १९४० च्या दशकातले कृत्रिम मूत्रपिंड असो किंवा जॉन गिबन यांचे १९५३ मध्ये यशस्वी झालेले हृदय-फुप्फुस यंत्र असो, शरीराबाहेर नळ्यांतून रक्त फिरवायचे तर ते गोठता कामा नये, आणि त्यासाठी हेपॅरिनच लागे. आजही डायलिसिसच्या खाटेवर किंवा बायपास शस्त्रक्रियेच्या टेबलावर असलेल्या बहुतेक रुग्णांचे रक्त याच औषधाने वाहते राहते.

या प्रवासात एक गोष्ट दिसते. हेपॅरिनचा प्राणी आणि अवयव कधीच वैद्यकीय गुणवत्तेवरून ठरला नाही. कुत्र्याच्या यकृताकडून गुरांच्या यकृताकडे, तिथून फुप्फुसांकडे आणि शेवटी डुकराच्या आतड्याकडे हा प्रवास झाला, तो कत्तलखान्यात काय स्वस्त मिळते आणि काय वाया जाते, या हिशेबाने. सॉसेजचे आवरण करण्यासाठी डुकराचे आतडे साफ करताना त्याचे आतले अस्तर खरवडून टाकावेच लागते. या अस्तरात हेपॅरिन भरपूर असते. टाकाऊ मालातून मौल्यवान औषध निघते म्हटल्यावर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उद्योग त्याकडे झुकला. तरी १९९० च्या दशकापर्यंत गुरांचे हेपॅरिनही बाजारात होते. मग ब्रिटनमध्ये गुरांचा मेंदूविकार, म्हणजे लोक ज्याला ‘मॅड काउ’ म्हणू लागले तो रोग, पसरला आणि मार्च १९९६ मध्ये ब्रिटिश सरकारने तो माणसाला होण्याची शक्यता जाहीरपणे मान्य केली. त्यानंतर युरोप-अमेरिकेत गुरांचे हेपॅरिन मागे घेण्यात आले. तो निर्णय त्या वेळी योग्यच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की दोन पायांवर उभा असलेला पुरवठा एका पायावर आला. आणि जगातली जवळजवळ निम्मी डुकरे चीनमध्ये असल्याने तो एक पायही एकाच देशात रोवला गेला. एका डुकराच्या आतड्यातून निघणारे शुद्ध हेपॅरिन फार थोडे. मागणी पुरवायची तर कोट्यवधी जनावरांची आतडी गोळा करावी लागत, आणि ही गोळाबेरीज चीनच्या गावोगावच्या लहान कारखान्यांतून होई. तिथे अस्तर शिजवून, गाळून कच्चे हेपॅरिन तयार होई, ते दलालांकडे जाई, दलालांकडून मोठ्या कारखान्यात आणि तिथून समुद्रापार. औषधाचा परवाना ज्याच्याकडे आहे तो या साखळीच्या टोकाला असे. मधल्या कड्या त्याच्या नजरेआड असत.

२००७ मध्ये चीनमधल्या डुकरांत ‘निळा कान’ या नावाने ओळखला जाणारा विषाणुजन्य रोग जोरात पसरला. डुकरे मेली, डुकराचे मांस महागले आणि कच्च्या हेपॅरिनचा भाव वर गेला. याच काळात साखळीतल्या कुठल्या तरी कडीवर हेपॅरिनमध्ये दुसरे काही मिसळले जाऊ लागले. बॅक्स्टरचा कच्चा माल अमेरिकेतील सायंटिफिक प्रोटीन लॅबोरेटरीज या पुरवठादाराकडून येई आणि त्याचा चीनमधल्या चांगझोऊ शहरात कारखाना होता. या कारखान्याची अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, कधीच तपासणी केली नव्हती. सारख्या नावाचा दुसरा कारखाना आधी तपासून झाला होता, त्या घोटाळ्यात हा सुटला. चीनमध्येही त्याची नोंद रसायनांचा कारखाना अशी होती, त्यामुळे तिथल्या औषध नियंत्रकांची नजर त्यावर नव्हती. अमेरिकेला लागणाऱ्या हेपॅरिनपैकी जवळजवळ निम्मे बॅक्स्टर पुरवत असे. जानेवारी २००८ मध्ये कंपनीने आपल्या काही कुप्या परत मागवल्या आणि फेब्रुवारीच्या अखेरीस जवळजवळ सगळाच माल मागे घेतला. जर्मनीतही रुग्णांना असाच त्रास झाल्याचे समोर आले. पुढे भेसळीचे हेपॅरिन एकूण अकरा देशांत पोचल्याचे दिसले. अमेरिकेत ज्या मृत्यूंचा संबंध हेपॅरिननंतरच्या ॲलर्जी किंवा रक्तदाब उतरण्याशी जोडला गेला, त्यांची संख्या एफडीएने ८१ सांगितली. हे रुग्ण आधीच गंभीर आजारी होते, त्यामुळे प्रत्येक मृत्यूचे कारण भेसळच, असे सिद्ध करता येत नाही. पण त्या महिन्यांतली वाढ पाहता तिला योगायोग म्हणणेही शक्य नव्हते.

मिसळलेला पदार्थ मार्च २००८ मध्ये ओळखला गेला. इटलीच्या मिलान शहरातील रोन्झोनी संस्था, अमेरिकेतील एमआयटीचे राम शशिशेखरन, रसायनतज्ज्ञ रॉबर्ट लिनहार्ट आणि एफडीएचे शास्त्रज्ञ यांनी मिळून तो शोधला. त्याचे नाव ‘ओव्हरसल्फेटेड कॉन्ड्रॉइटिन सल्फेट’. कॉन्ड्रॉइटिन हा जनावरांच्या कूर्चेतून निघणारा स्वस्त पदार्थ, गुडघेदुखीच्या गोळ्यांतही असतो. त्याला रासायनिक प्रक्रियेने जास्त सल्फेट जोडले की तो हेपॅरिनसारखाच रक्त पातळ ठेवू लागतो. नैसर्गिक कॉन्ड्रॉइटिन असे नसते, म्हणजे हे अपघाताने आत आले असण्याची शक्यता जवळजवळ नव्हतीच. कच्च्या हेपॅरिनच्या तुलनेत त्याची किंमत शंभराव्या हिश्श्याइतकी असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले. त्याने रक्तातली सूज निर्माण करणारी एक साखळी चेतवली जाते, त्यातून ब्रॅडिकायनिन तयार होते आणि रक्तदाब कोसळतो, हे त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये दाखवून देण्यात आले. ही भेसळ चाचण्यांतून निसटली कशी, याचे उत्तर हॉवेल यांच्या मांजराच्या रक्तापर्यंत मागे जाते. मांजराच्या जागी मेंढीचे रक्तद्रव आले होते, पण चाचणीचा गाभा तोच होता: रक्त गोठत नाही ना, मग ते हेपॅरिन. मिसळलेला पदार्थही रक्त गोठू देत नव्हता. म्हणून चाचणी पास होत राहिली.

इथे एक सरळ आक्षेप येतो. हा माणसाच्या लोभाचा गुन्हा आहे, त्यात डुकराचा किंवा प्राणिज औषधाचा काय दोष? भेसळ तर कारखान्यात बनणाऱ्या औषधातही होते. औषधी सिरपमध्ये विषारी द्रव्य मिसळून मुले दगावल्याच्या घटना जगात अनेकदा घडल्या आहेत आणि त्यांत प्राण्यांचा काही संबंध नव्हता. हा आक्षेप खोटा नाही. पण तो पुरता नाही. प्रयोगशाळेत जोडलेल्या औषधाचा एक ठरलेला रेणू असतो. तो आहे की नाही, दुसरे काही आहे की नाही, हे रासायनिक चाचणीत उघड दिसते. आतड्याच्या अस्तरातून काढलेले हेपॅरिन हे लहानमोठ्या लांबीच्या शर्करासाखळ्यांचे मिश्रण असते, प्रत्येक खेपेला थोडे वेगळे. जिथे अस्सल मालच एकसारखा नसतो, तिथे नकली माल सहज खपतो. शिवाय एका प्रयोगशाळेत बनणाऱ्या औषधाचा भाव जनावरांच्या साथीने वर जात नाही. हेपॅरिनचा गेला, आणि भेसळीचा मोह तिथेच जन्माला आला. मिसळणारा हात नेमका कोणाचा, हे सिद्ध झाले नाही. हात सापडला नाही याचेही कारण तेच आहे: कोट्यवधी जनावरे, हजारो खरवडणारे, शेकडो दलाल आणि एका कुपीत या सगळ्यांचा एकत्र आलेला माल. गुन्हा माणसाचाच होता. पण तो करता यावा आणि लपवता यावा अशी परिस्थिती कच्च्या मालाच्या स्वरूपाने निर्माण केली होती.

मग पर्याय का शोधला गेला नाही? इन्सुलिनचा तर शोधला गेला, असे कोणी म्हणेल, आणि ही तुलना खरोखर उपयोगी आहे. १९२२ मध्ये टोरंटोत पहिल्यांदा माणसाला दिलेले इन्सुलिन गुरांच्या स्वादुपिंडातून आले होते. पुढची साठ वर्षे जगभरचे मधुमेही गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांवर जगले. आठ औंस, म्हणजे सुमारे सव्वादोनशे ग्रॅम शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टन स्वादुपिंडे लागत. १९७८ मध्ये अमेरिकेतील जेनेन्टेक कंपनी आणि सिटी ऑफ होप संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनचा जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून इन्सुलिन बनवून घेतले आणि १९८२ मध्ये ते बाजारात आले. २००३ मध्ये मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने औरंगाबादच्या प्रकल्पातून असे इन्सुलिन भारतीय बाजारात आणले. आज प्राणिज इन्सुलिन जवळजवळ इतिहासजमा झाले आहे. हेपॅरिनचे तसे का झाले नाही, याचे उत्तर दोन्ही पदार्थांच्या जातीत आहे. इन्सुलिन हे प्रथिन आहे. प्रथिनाची आज्ञा जनुकात अक्षरशः लिहिलेली असते. ती आज्ञा जिवाणूला दिली की तो ते प्रथिन बनवतो. हेपॅरिन ही शर्करांची साखळी आहे. तिच्यासाठी एक जनुक नसतो. पेशीतली डझनावारी विकरे एकामागून एक काम करतात आणि साखळी घडते, तीही प्रत्येक वेळी थोडी निराळी. म्हणून जनुक उचलून जिवाणूत टाकणे ही युक्ती इथे चालत नाही. इन्सुलिनच्या कहाणीत एक इशाराही आहे. मानवी इन्सुलिनवर गेल्यावर काही रुग्णांनी, विशेषतः ब्रिटनमध्ये, साखर उतरल्याची आधी मिळणारी लक्षणे जाणवेनाशी झाल्याची तक्रार केली. अभ्यासांतून दोन्ही इन्सुलिनांत ठोस फरक सिद्ध झाला नाही, तरी या रुग्णांना जुने औषध हवे होते, आणि ब्रिटनमध्ये ते अनेक वर्षे पुरवत राहिली ती वोक्हार्टचीच ब्रिटिश शाखा. पर्याय आला म्हणजे जुने औषध कोणाच्या हातातून हिसकावून घ्यावे असे नाही. पर्याय म्हणजे निवड वाढणे.

हेपॅरिनच्या बाबतीत प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. १९८० च्या दशकात स्वीडनचे उल्फ लिंडाल आणि फ्रान्सचे जाँ शोए यांच्या गटांनी दाखवून दिले की हेपॅरिनच्या लांब साखळीतला पाच शर्करांचा एक विशिष्ट तुकडाच रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिन या गोठण रोखणाऱ्या प्रथिनाला धरतो. माळेतले पाच मणीच मंत्राचे, बाकीचे धाग्याला धरून. ते पाच मणी प्रयोगशाळेत घडवून फोंडापॅरिनक्स हे औषध तयार झाले आणि २००१ च्या डिसेंबरमध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पन्नासहून अधिक रासायनिक पायऱ्या चढून बनणाऱ्या या औषधात प्राण्याचा अंशही नाही. २०११ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीला त्याचे जेनेरिक रूप अमेरिकेत विकण्याची परवानगी मिळाली. पायातल्या गुठळ्या टाळण्यासाठी ते उत्तम आहे. पण ते शरीरात जवळपास दिवसभर टिकते, मूत्रपिंडांतून बाहेर पडते आणि त्याला उतारा नाही. डायलिसिसच्या रुग्णाचे मूत्रपिंडच बंद असते, आणि हृदयशस्त्रक्रियेत तर काम संपताच रक्त पुन्हा गोठू लागावे लागते. हेपॅरिन तिथे सॅमन माशापासून काढलेल्या प्रोटामिनने काही मिनिटांत निष्प्रभ करता येते, म्हणून सर्जन त्यालाच धरून राहतात. बायव्हॅलिरुडिन आणि अर्गाट्रोबन ही कृत्रिम औषधे आहेत, काही रुग्णांत हेपॅरिनची जागा घेतात, पण त्यांनाही तसा उतारा नाही आणि ती महाग आहेत. गोळीने घेण्याची नवी रक्तपातळ औषधे, उदाहरणार्थ डॅबिगाट्रान आणि रिव्हरॉक्साबान, संपूर्ण कृत्रिम आहेत आणि घरी राहणाऱ्या लाखो रुग्णांना उपयोगी पडली आहेत. एनॉक्सापॅरिनसारखी ‘कमी वजनाची’ हेपॅरिने मात्र नवी वाटली तरी डुकराच्याच हेपॅरिनचे तुकडे करून बनतात, आणि हे अनेक रुग्णांना ठाऊक नसते. थोडक्यात, हेपॅरिनला एक पर्याय नाही; निरनिराळ्या रुग्णांसाठी निरनिराळे पर्याय आहेत, आणि डायलिसिस व हृदयशस्त्रक्रिया ही दोन कामे अजून मुख्यतः डुकराकडेच आहेत. त्यासाठी खरी आशा आहे ती विकरांच्या मदतीने प्रयोगशाळेत हेपॅरिन घडवण्याच्या कामात. ई. कोलाय जिवाणूची एक जात जवळजवळ तशीच कच्ची साखळी बनवते. तिच्यावर विकरांनी संस्कार करायचे. लिनहार्ट आणि जियान ल्यू यांनी २०११ मध्ये या वाटेने लहान साखळीचे हेपॅरिन बनवून दाखवले. ते मोठ्या प्रमाणात आणि परवडणाऱ्या दरात बनवणे हे काम पुढे न्यायचे आहे.

दुसरा आक्षेप असा की २००८ नंतर चाचण्या सुधारल्या, मग आता चिंता कशाची? खरोखरच सुधारल्या. रेणूचे चित्र दाखवणारी चुंबकीय अनुनाद चाचणी सक्तीची झाली. कच्च्या हेपॅरिनमध्ये ही भेसळ आहे का आणि गुरांचे काही मिसळले आहे का, हे तपासण्याच्या सूचना एफडीएने २०१३ मध्ये दिल्या. २००८ च्या अखेरीस एफडीएने बीजिंगमध्ये कार्यालयही उघडले. पण चाचणी फक्त दोष पकडते, ती पुरवठा निर्माण करत नाही. २०१८ च्या ऑगस्टमध्ये चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर शिरला आणि २०१९ मध्ये तिथली डुकरांची संख्या सुमारे ४० टक्क्यांनी घटली. अमेरिकी काँग्रेसच्या समितीने एफडीएला पत्र लिहून हेपॅरिनची काय तयारी आहे, असे विचारले. पाठोपाठ कोविड आला. गंभीर रुग्णांच्या रक्तात गुठळ्या होत होत्या आणि हेपॅरिनची मागणी वाढली. भारत कच्च्या हेपॅरिनसाठी मोठ्या प्रमाणावर चीनवर अवलंबून होता. जून २०२० मध्ये आपल्या राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाला हेपॅरिनच्या कमाल दरात एकदम ५० टक्के वाढ मंजूर करावी लागली, नाहीतर औषधच मिळेनासे झाले असते. डुकरांना होणारा रोग आणि महाराष्ट्रातल्या डायलिसिस केंद्रातले बिल यांच्यातले अंतर इतके कमी आहे. गुरांचे हेपॅरिन पुन्हा आणावे, असा विचार गेल्या दशकात अमेरिकेतही सुरू झाला आहे. ब्राझील आणि अर्जेंटिना ते वापरतातच. पण ब्राझीलचा अनुभव सांगतो की गुरांच्या आतड्याच्या हेपॅरिनची वजनामागे ताकद डुकराच्या हेपॅरिनच्या निम्म्याच्या आसपास असते, म्हणून दोन्ही एकमेकांच्या जागी बेधडक वापरता येत नाहीत; तिथे दोघांसाठी स्वतंत्र मानके करावी लागली. एका प्राण्याऐवजी दुसरा प्राणी आणल्याने पुरवठ्याला दुसरा पाय मिळेल. जनावराच्या साथीवर अवलंबून राहणे मात्र संपणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. औषध कुठल्या प्राण्यातून आले हे रुग्णाला सांगितले, तर मुस्लिम, ज्यू, जैन आणि अनेक हिंदू रुग्ण ते नाकारतील आणि जीव धोक्यात घालतील, मग न सांगितलेलेच बरे, असे काही डॉक्टरांना वाटते. धर्मांनी या प्रश्नाचा विचार केलेलाच नाही, अशी समजूत यामागे असते. प्रत्यक्षात ज्यू परंपरेत जीव वाचवण्यासाठी बहुतेक सगळे आहारनियम बाजूला ठेवता येतात. कुवेतमधील इस्लामिक वैद्यकीय संघटनेच्या १९९५ च्या परिषदेत विद्वानांनी प्राणिज द्रव्य मूळ रूप बदलून गेल्यास त्याकडे वेगळ्या नजरेने पाहता येईल, अशी भूमिका घेतली, आणि निकडीची तरतूद इस्लामी न्यायशास्त्रात आधीपासून आहे. आपल्याकडे तर त्यासाठी ‘आपद्धर्म’ हा शब्दच आहे. ज्याला जीव वाचवण्याचा मार्ग एकच आहे असे प्रामाणिकपणे समजावून सांगितले, तो बहुधा ते औषध घेतो. ज्याच्यापासून लपवले आणि मग त्याला कळले, तो डॉक्टरवर पुन्हा विश्वास ठेवत नाही. आणखी एक गोष्ट या आक्षेपात विसरली जाते. ‘हे कुठल्या प्राण्यातून आले?’ हा श्रद्धावान रुग्णाचा प्रश्न आणि २००८ नंतर नियंत्रकांनी विचारायला सुरुवात केलेला प्रश्न, दोन्ही एकच आहेत. गाईचे की डुकराचे, कुठल्या गावचे, कुठल्या कारखान्यातले: हे श्रद्धेपोटी विचारले काय आणि सुरक्षिततेपोटी विचारले काय, उत्तर देण्यासाठी तीच माहिती लागते. रुग्णांच्या या प्रश्नाला वेळीच मान दिला असता, तर उगमाची नोंद ठेवण्याची सवय औषध उद्योगाला खूप आधी लागली असती.

आपल्याकडे हा विषय फक्त कॅप्सूलच्या जिलेटिन कवचापुरता चर्चेत येतो. काही वर्षांपूर्वी जिलेटिनऐवजी वनस्पतिज सेल्युलोजची कवचे सक्तीची करावीत का, यावर केंद्र सरकारच्या पातळीवर विचार झाला आणि वर्तमानपत्रांनी त्याला शाकाहार विरुद्ध मांसाहार असे रूप दिले. कवचाला पर्याय आधीच उपलब्ध आहे. तो सोपा प्रश्न आहे. कठीण प्रश्न शिरेतून जाणाऱ्या इंजेक्शनचा आहे, आणि त्यावर सार्वजनिक चर्चा जवळजवळ नाही. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर हिरवे किंवा तपकिरी चिन्ह सक्तीचे आहे, औषधाला तो नियम लागू नाही. औषधाला असे चिन्ह पुरेसेही नाही. हेपॅरिनच्या कुपीवर प्राणी, अवयव आणि कच्च्या मालाचा देश, एवढे स्पष्ट छापलेले असले पाहिजे. पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली आज जिल्ह्याजिल्ह्यांत डायलिसिस होते. त्या प्रत्येक खाटेला लागणारे औषध दुसऱ्या देशातल्या जनावरांच्या प्रकृतीवर सोडून चालणार नाही. जैवतंत्रज्ञानाने इन्सुलिन बनवण्याची क्षमता ज्या देशाने दाखवली, पाच शर्करांचा तुकडा पन्नास पायऱ्या चढून घडवणारे रसायनतज्ज्ञ ज्या देशात आहेत, त्या देशाने विकरांच्या वाटेने हेपॅरिन घडवण्याचे काम सरकारी निधी देऊन हाती घ्यावे. तोवर डॉक्टरांनी रुग्णाला औषधाचा उगम सांगावा आणि जिथे कृत्रिम औषध चालते तिथे ते उपलब्ध करून द्यावे. २००८ मध्ये पर्याय हाताशी नव्हता आणि त्याची किंमत डायलिसिसवरच्या रुग्णांनी मोजली. पुढच्या साथीच्या आधी तो हाताशी असावा, ही जबाबदारी आता आपलीही आहे.